चौदा नंबर

पिंपळनेर सुटलं की रस्ता चढणीला लागतो,
तिथे मी व्हॅन दुसऱ्या गिअरवर धरतो.
पुढे तेरा सायकली.
टपावर एक, फडक्यात बांधलेली.

माझं नाव हिलाल. छातीवरच्या बिल्ल्यावर नुसतं ‘सपोर्ट’.
व्हॅनमध्ये बर्फातले नॅपकिन, त्यांना गवती चहाचा वास,
केळी, खारे काजू, गुडघ्याचं मलम,
आणि साक्रीच्या दुकानातला माझा जुना पाना.
या सायकलींना तो कुठेच बसत नाही.
असू देतो.
पहिल्या दिवशी एक उचलली, एका बोटावर आली,
आणि मी घाबरलो,
दुसऱ्याचं तान्हं पोर हातात दिल्यासारखा.

पाहुणे चांगले आहेत.
द्राक्षाच्या मांडवाशी उतरतात, घड हातात तोलतात.
विरळणी करणाऱ्या बाया मला विचारतात,
‘कथा चालनात ह्या?’
वर जातात, म्हटलं. मग खाली येतात.
‘मंग पैसा कितला देतस?’
एकीला आकडा सांगितला,
तर तिने कात्री खाली ठेवली आणि पाणी प्यायला गेली.

रात्री तंबूत गरम पाण्याचा टब, काचेच्या पेल्यात वाइन.
पुण्याहून आलेला आचारी
काळ्या दगडावर एक फुणका ठेवतो, एकच,
शेजारी अंगठ्याएवढ्या वाटीत कढी.
आमच्याकडे एका फुणक्याने
जेवायला बसल्याचंही कळत नाही.

चौदा नंबर विभावरीबाई टिपणिसांच्या नवऱ्याची.
दोघांचे पैसे भरून झाले होते.
दिवाळीनंतर ते गेले, पैसे परत मिळत नव्हते,
म्हणून बाई आल्या. सायकलही आली.
यादीत आहे म्हणून मी रोज सकाळी
तिच्या चाकांत हवा मोजतो, साखळीला थेंब देतो.
बाई लांबून बघतात. कधी काही बोलल्या नाहीत.
एकदा फक्त म्हणाल्या, मागचं चाक जरा कमीच भरा,
त्यांना दणके सोसायचे नाहीत.
मी कमी भरलं.

पाचव्या दिवशी चरणमाळच्या घाटात
बाकीचे पुढे निघून गेले.
त्या वळणावर पाय टेकून उभ्या.
मी नॅपकिन घेऊन धावलो, तो त्यांनी घेतला नाही.
‘तुम्हाला चालवता येते ना?’
बाई, बारा वर्षांचा होतो तेव्हापासून
दुधाचे दोन कॅन लावून चालवतोय.
‘मग ती काढा खाली.’

साहेब उंच असणार.
सीटवरून माझे पाय जमिनीला लागेनात.
खिशातली निळी चिकटपट्टी काढली,
जिथे दांडा होता तिथे एक वेढा मारला,
मग सीट खाली केली, चार बोटं.
व्हॅन उखाच्या हवाली.

घाट आम्ही बोलत नाही चढलो.
मी पुढे गेलो की थांबायचो,
त्या पुढे गेल्या की थांबायच्या नाहीत.
सागाची पानं रस्त्यावर पडून वाजत होती.
वर नवापूरकडचं रान निळं दिसलं
तेव्हा त्यांना धाप लागलेली, मला लागलेली नव्हती,
आणि याची उगीचच लाज वाटली.

संध्याकाळी त्यांच्या टेबलावर दोन पेले.
बसा, म्हणाल्या.
मी मोहाची प्यालोय, घरची, पहिल्या धारेची.
ही जिभेला कच्च्या जांभळासारखी लागली,
नंतर लोखंडी तव्यासारखी.
कशी आहे?
तुरट, म्हटलं.
त्या हसल्या. ‘तेही हेच म्हणायचे.
आणि अख्खी बाटली संपवायचे.’

मग त्या बराच वेळ दिव्यावरचे किडे बघत राहिल्या.
मी पेला संपवला की ठेवला ते आठवत नाही.

निजण्याआधी बॅटरी घेऊन टपावर चढलो,
फडकं सोडलं,
स्क्रू ढिला केला,
सीट निळ्या पट्टीपर्यंत वर घेतली.
आवळली.
पट्टी तशीच राहू दिली.